आधी गटार, मग रंग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गिरगाव, दादर, फोर्ट किंवा पुण्याच्या पेठांत एखाद्या जुन्या उपाहारगृहाच्या दारावर ‘नूतनीकरणासाठी बंद’ अशी पाटी लागली की नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पोटात गोळा येतो. तो उगाच येत नाही. तीन महिन्यांनी शटर उघडते तेव्हा छताला पीओपी, भिंतींना लॅमिनेट, पायाखाली चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या आणि भटारखान्यातली मोरी मात्र पहिल्याइतकीच तुंबलेली, असे चित्र सर्रास दिसते. जुन्या इमारतींतली गवंडीकामे, सुतारकामे आणि हॉटेलांच्या भटारखान्यांची मांडणी हा आमचा रोजचा उद्योग असल्याने या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले.

आमचे म्हणणे एवढेच आहे की कामाचा क्रम उलटा लागतो. सजावटकार आधी येतो, प्लंबर शेवटी. दर्शनी भागावर पैसा संपतो आणि ज्या कारणासाठी दुकान बंद ठेवले ती ओल, धूर, तुंबणे आणि उडणारे फ्यूज तसेच राहतात. खरे तर शंभरातले साठ-सत्तर रुपये गिऱ्हाइकाला कधीच न दिसणाऱ्या जागी गेले पाहिजेत. दिसणाऱ्या जागी फक्त दुरुस्ती हवी, आणि तीही जुने सामान वाचवून.

इराणी उपाहारगृहेच घ्या. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे, पुण्यातले गुडलक १९३५ चे. अशा जागांचे वळण भिंतीवरच्या जुन्या फोटोंत नसते. ते हाताला आणि पायाला लागणाऱ्या गोष्टींत असते: टेबलाचा थंडगार दगड, खुर्चीची वाकवलेली पाठ, दारात बसलेला गल्ला, दोन्ही बाजूंनी उघडा दर्शनी भाग. इराण्यांना कोपऱ्याचे गाळे मिळाले ते शुभाशुभाच्या समजुतींमुळे, असे सांगितले जाते. पण कोपऱ्याचा खरा लाभ दोन रस्त्यांवरून येणारा वारा हा आहे. तो बंद करून एसी बसवला की पहिल्याच पावसाळ्यात आतला वास बदलतो.

पहिला आठवडा हातोडा उचलायचाच नाही. प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो, प्रत्येक टेबलाला आणि खुर्चीला खडूने क्रमांक, दोन टेबलांमधल्या वाटेचे माप. ही वाट ७५ ते ९० सेंटिमीटर असते आणि हातावर चार बशा घेतलेला वेटर तिथून अंग न चोरता जातो. ‘दोन टेबले जास्त बसतील’ या हिशोबाने ती ५५ वर आणली की बसायला येणारा माणूस खातो आणि उठतो, रेंगाळत नाही. त्याच आठवड्यात गटाराची सगळी चेंबरे उघडून पाहावीत आणि छतावरच्या ओलीचे डाग कागदावर उतरवून घ्यावेत.

भटारखान्यात तुंबण्याचे कारण बहुधा एकच असते. बेसिनखाली ३२ मिलिमीटरची नळी आणि तिला उतारच नाही. भाताची शिते, चहाचा चोथा आणि थिजलेले तूप तिथे बसते. बेसिनला किमान ५० आणि सांडपाण्याच्या मुख्य नळाला ११० मिलिमीटर व्यास द्यावा, उतार साठाला एक ठेवावा आणि प्रत्येक वळणावर उघडता येणारे तोंड ठेवावे. मध्ये तेल-तूप अडवणारी टाकी हवीच. तिचे माप मोघम ठरवू नये: मिनिटाला वीस लिटर पाणी जात असेल आणि ते अर्धा तास टाकीत थांबायला हवे असेल तर ६०० लिटर. ती भांडी घासण्याच्या जागेला अगदी चिकटून ठेवली तर कढत पाण्यातले तूप पातळच राहून पुढे निघून जाते आणि बाहेरच्या गटारात थिजते. तवंग दर आठवड्याला काढावा लागतो, म्हणून झाकण एका माणसाला उचलता येईल असे असावे. फरशी शहाबादी किंवा कोट्याची, शंभराला एक उताराची, पॉलिश न केलेली. अन्नसुरक्षेच्या नियमांना भटारखान्यातल्या भिंती आणि जमीन धुता येणाऱ्या, पाणी न शोषणाऱ्या हव्या असतात, तेव्हा इथे जुन्या गिलाव्याचा हट्ट धरू नये. इथे खुशाल टाइल लावा.

धुराचे गणितही असेच. भिंतीतला पात्यांचा पंखा चार मजले उंच धुराड्यातून धूर ढकलू शकत नाही, तो जागच्या जागी फिरत राहतो. त्याला सेंट्रिफ्यूगल ब्लोअरच, म्हणजे बंद डब्यातल्या चक्राने हवा जोरात फेकणारा पंखाच लागतो. हूड, म्हणजे शेगड्यांवरचे धूर ओढणारे छत्र, शेगड्यांच्या ओळीपेक्षा दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर जास्त असावे. समजा हूड ३ मीटर बाय १.२ मीटर आहे, म्हणजे ३.६ चौरस मीटर. पोहे, उपमा, चहा असे साधे काम असेल तर हवेचा वेग सेकंदाला ०.३ मीटर पुरतो, म्हणजे तासाला सुमारे ३,९०० घनमीटर हवा. दिवसभर वडे तळायचे असतील तर वेग ०.५ धरावा आणि ६,५०० घनमीटरांची तयारी ठेवावी. पहिल्या हवेला ३० बाय ४० सेंटिमीटरचे धुराडे लागते, दुसरीला ४० बाय ५०. उगाच मोठे केले तर हवा मंदावते, तेल पत्र्याला चिकटते, आणि पुढे कधीतरी ठिणगी तिथवर पोचते. सर्वांत विसरली जाणारी गोष्ट म्हणजे बाहेर काढलेल्या हवेच्या ८० ते ९० टक्के ताजी हवा आत सोडणे. ती सोडली नाही तर भटारखाना बसायच्या दालनातली हवा ओढतो, दारे आपोआप आपटतात, आणि रस्त्यावरची धूळ थेट गिऱ्हाइकाच्या बशीवर येते.

गॅसबद्दल थोडक्यात. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. १०० किलोंपर्यंतच्या साठ्याला वेगळा परवाना लागत नाही, पण म्हणून ते पोटमाळ्यावर किंवा तळघरात ठेवायचे नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते. हवा जाण्याची जाळी आणि गळतीचा इशारा देणारे यंत्र खाली हवे. पाइपचा गॅस हलका असतो, त्याचे यंत्र छताजवळ हवे. एकावरून दुसऱ्यावर जाताना शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलावेच लागतात. पाइपच्या गॅसला मोठे भोक लागते. जुन्याच जेटवर चालवले तर ज्योत बारीक पडते आणि मग ‘पूर्वीसारखी चव राहिली नाही’ ही तक्रार सुरू होते. तव्याचा दोष नसतो, तवा तापतच नसतो.

आता फरशीकडे येतो, कारण सर्वांत जास्त नासधूस तिथेच होते. जुन्या उपाहारगृहांतली नक्षीची फरशी सिमेंटची, दाबयंत्रावर केलेली असते. मुंबईत भारत टाइल्सने १९२२ पासून स्वदेशीच्या भावनेने त्या बनवल्या. आठ इंची चौरस, साधारण २० मिलिमीटर जाड, आणि रंगाचा थर वरचे चार-पाच मिलिमीटर. म्हणजे घासायला खूप वाव आहे असे समजू नये. पॉलिशवाला येतो आणि खडबडीत दगडाने सुरुवात करतो. दोन वेळा असे झाले की नक्षी पुसट होते आणि खालचा राखाडी मसाला दिसतो. संडास धुण्याचे ॲसिड हे दुसरे संकट. सिमेंट ॲसिडमध्ये विरघळते, फरशी खरखरीत होते, मग मळ आणखी धरते, मग आणखी ॲसिड. साधा साबण, कोमट पाणी, नायलॉनचा ब्रश आणि शेवटी बारीक दगडाचा हलका हात एवढे पुरे.

रुपयाच्या नाण्याने एकेक फरशी वाजवून पाहावी. ‘टक’ असा भरीव आवाज आला तर तिला हात लावू नका. ‘ढब’ असा पोकळ आला तर खडूने खूण करा. पोकळ फरशी सांध्यातून पातळ छिन्नीने उचलावी, पाठीचा जुना मसाला पाणी मारून सोडवावा आणि एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू या मऊ मसाल्यात परत बसवावी. एकास तीन असा कडक सिमेंट-वाळूचा मसाला घातला तर पुढच्या वेळी फरशी उचलताना मसाला टिकेल आणि फरशी फुटेल. ज्या फुटल्याच आहेत त्यांच्या जागी नव्या हातकामाच्या फरशा आजही करून मिळतात. दहा टक्के जास्त सांगाव्यात. पण नवी फरशी जुनीच्या शेजारी ठिगळासारखी दिसते. त्यावर उपाय असा की गल्ल्याखालच्या, कपाटाखालच्या जुन्या फरशा काढून दर्शनी जागी आणायच्या आणि नव्या कपाटाखाली घालायच्या. हे आधी ठरवले तरच होते, कारण नंतर कपाट हलत नाही.

जुन्या फरशीवरच नव्या लाद्या बसवणे हा सोपा वाटणारा मार्ग भलताच महाग पडतो. २५ मिलिमीटर मसाला आणि १० मिलिमीटर लादी म्हणजे चौरस मीटरला ७५ किलो वजन. ६० चौरस मीटरच्या लाकडी पोटमाळ्यावर ते साडेचार टन होते, आणि तुळया शंभर वर्षांच्या असतात. तळमजल्यावर वजनाचा प्रश्न नाही, पण जमिनीतली ओल वर यायचे थांबत नाही. जुनी फरशी आणि तिचे सांधे तिला हळूहळू बाहेर सोडतात. व्हिट्रिफाइड लादी ती अडवते, म्हणून ओल भिंतीत शिरते, आणि वर्षभरात कमरेपर्यंत पोपडे दिसू लागतात.

भिंतींचेही हेच. जुनी भिंत विटा आणि चुन्याची असते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. आतले पाणी क्षार घेऊन कडेने बाहेर पडते, लोणा लागतो, रंगाचे फुगे येतात. गळती आधी थांबवावी, ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा उतरवावा आणि भिंत सुकू द्यावी. महिन्याला साधारण इंचभर, या ठोकताळ्याने चौदा इंची भिंत चौदा महिने घेते. तेवढा वेळ कुणाकडेच नसतो, म्हणून तर एकास तीन चुना-वाळूचा श्वास घेणारा गिलावा हवा. तो सुकण्याचे काम नंतरही चालू ठेवतो. चुना भिजवून किमान काही आठवडे मुरलेला असावा. न मुरलेले खडे नंतर भिंतीत फुलतात आणि गिलाव्याला बारीक फोड येतात. मोठे आरसे परत लावताना भिंत आणि आरशामध्ये बोटभर फट ठेवावी, नाहीतर ओलीने पाठीचा पारा काळा पडतो.

छत झाकू नका, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. चाळीखालच्या खानावळीवर बहुधा वरच्या बिऱ्हाडांच्या नहाण्या असतात. कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचे छत, उघडा असला की गळतीचा डाग दुसऱ्या दिवशी दिसतो. खोट्या छतामागे तो तीन वर्षे दिसत नाही आणि भिंतीत रुतलेले तुळईचे टोक कुजून जाते. शिवाय आग. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधल्या आगीत १४ जीव गेले, त्या आगीला सजावटीच्या जळाऊ सामानाने हातभार लावला होता. बांबू, कापड, थर्माकोल यांतले काहीही छताला लावू नये आणि मागचे दार पिंपांनी अडवू नये.

टेबल-खुर्च्यांवर थोडे रेंगाळतो. संगमरवर हा चुनखडीचाच भाऊ, त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर, रासबेरी सोडा सगळे त्याला खातात आणि ग्लासाच्या बुडाची निस्तेज कडी उमटते. ती डाग नसून खाच असते, म्हणून पुसून जात नाही. पाणी घालून ४००, मग ८००, मग १५०० नंबरच्या कागदाने संपूर्ण वरचा भाग घासावा. फक्त कडीपुरते घासले तर तिथे खळगा पडतो. चमकणारा लेप लावू नये, दगडात मुरणारे सीलर चालते. दगड हलवताना काचेसारखा उभा धरावा. आडवा उचलला तर मधल्या जुन्या चिरेवर स्वतःच्याच वजनाने मोडतो. मोडलाच तर स्टेनलेसच्या खुंट्या आणि इपॉक्सीने जोडावा. लोखंडी खुंटी गंजून फुगते आणि दगड पुन्हा फोडते.

वाकवलेल्या बीच लाकडाची ती खुर्ची मुळात व्हिएन्नाच्या थोनेटची. १८५९ च्या प्रसिद्ध नमुन्यात लाकडाचे फक्त सहा भाग आणि दहा स्क्रू होते. म्हणजे ती खोलण्यासाठीच बनली आहे. तिच्यावर खिळा मारणे हा गुन्हा समजावा, कारण वाकवलेल्या लाकडाचे धागे ताणलेले असतात आणि खिळ्याने ती लांबच्या लांब चिरते. खुर्ची उलटी करून बैठकीखालचे बोल्ट काढावेत. सांध्यात जुना सरस असेल तर तो गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. तो पुरता खरवडल्याशिवाय नवा डिंक धरत नाही. ‘गेल्या वर्षीच चिकटवली होती’ अशा खुर्च्या पुन्हा डुगडुगतात त्या यामुळे. पायांना खालून बांधणारे गोल कडे मोडले की पुष्कळ जण ते टाकून देतात. मग चारही पाय फाकतात आणि वरचा सांधा जातो. कडे बदला, टाकू नका. वेताची बैठक झोळीसारखी लोंबत असेल पण तुटलेली नसेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याचे फडके ठेवून रात्रभर सुकवावी, वेत आकसतो. विणायची झाल्यास सात फेऱ्यांची वीण असते. पट्टी वीस-तीस मिनिटे भिजवूनच ओढावी. रोज फरशी धुतल्याने पायांची टोके कुजतात, तिथे पितळेची किंवा नायलॉनची बटणे ठोकण्याऐवजी स्क्रूने बसवावीत.

लाकडाचे पॉलिश कोणते ते ओळखायला स्पिरिटचा बोळा आतल्या कोपऱ्यात लावावा. चिकट झाले तर लाखेचे. त्याच लाखेने, लिटरभर स्पिरिटला पाव किलोच्या आसपास चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) या प्रमाणात, पातळ हात देऊन ते पुन्हा उजळते. पॉलियुरेथेनला ओरखडा पडला की सगळा पृष्ठभाग खरवडावा लागतो. गरम कपाने लाखेवर पांढरे वर्तुळ उठते हे खरे, म्हणून टेबलाच्या वर नको. खुर्च्या, कपाटे आणि लाकडी पाठीला लाखच लावावी.

दिव्यांचा खर्च सर्वांत कमी आणि परिणाम सर्वांत जास्त. २७०० केल्विनचे पिवळसर, रंग नीट दाखवणारे एलईडी घ्या. ६५०० चे पांढरे लावले की संगमरवर निळा दिसतो आणि साबुदाण्याची खिचडी शिळी. जुन्या लाकडी पट्टीतली वायर मात्र पूर्ण बदला: दिव्यांना १.५, प्लगना २.५ आणि गिरणी-फ्रिजला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच. पट्टी तीच ठेवता येते.

पाटीचा प्रश्न अलीकडचा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहाहून कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि ती योग्यच आहे. पण तिच्यासाठी हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या भंगारात घालून फ्लेक्स लावण्याचे कारण नव्हते. जस्ती पत्र्यावर एनॅमलने, तितक्याच मोठ्या अक्षरांत, पेंटरकडून मराठी नाव वर लिहून घेता येते. अशी पाटी फ्लेक्सपेक्षा कितीतरी जास्त वर्षे टिकते.

दारातल्या तीन पायऱ्यांचा विषय टाळला जातो. ४५ सेंटिमीटर उंचीला एकास बारा उताराने ५.४ मीटरचा रॅम्प लागतो आणि तो पदपथावर बसत नाही. पण बाजूच्या बोळातून सपाट वाट असेल तर तिथले दार ९० सेंटिमीटर मोकळे करावे. ज्या पंचाहत्तरीच्या आजी-आजोबांमुळे हे ठिकाण चालत आले त्यांना आत येता आले पाहिजे. बायकांसाठी स्वच्छ संडासही त्याच यादीत, आणि तो सजावटीच्या आधी.

बहुतेक जागा पागडीच्या आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणाऱ्या) इमारतींत आहेत. तिथे भाडेकरूने आतली भिंत पाडणे किंवा तुळई कापणे म्हणजे वरच्या बिऱ्हाडांच्या जिवाशी खेळ, आणि ते संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय व परवानगीशिवाय होऊच नये. उलट, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या कामांत टेकू आणि नवे खांब कुठे येणार हे खानावळवाल्याला आधी कळवले जात नाही. ते कळले तर खांब भिंतीलगत घेता येतो आणि दालन वाचते.

शेवटचा मुद्दा पावाच्या भट्ट्यांचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ मधल्या आदेशानंतर महापालिकेने लाकूड-कोळसा सोडण्यासाठी ८ जुलै २०२५ ची मुदत दिली होती. शहराची हवा सर्वांचीच आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण अनेकांनी विटांची भट्टी पाडून पोलादी ओव्हन घेतले. ब्रून पावाची कडक पापडी विटांत साठलेल्या उष्णतेतून येते, लाकडाच्या धुरातून नव्हे. तीच भट्टी ठेवून तोंडाशी गॅसचा बर्नर बसवता येतो. बदलानंतर ती पहिले चार-पाच दिवस मंद आचेवर, रोज थोडी थोडी वाढवत तापवावी. एकदम पेटवली तर विटांतली ओल वाफ होऊन घुमट तडकतो. महापालिकेने परवानगीच्या कागदांत जुनी भट्टी राखून बर्नर बसवण्याचा पर्याय स्पष्ट लिहावा, तिच्या तपासणीसाठी प्रत्येक विभाग कार्यालयात जाणकार माणूस नेमावा, आणि दुरुस्ती मंडळाने टेकूंचा नकाशा काम सुरू होण्याच्या महिनाभर आधी गाळेधारकाला द्यावा, अशी आमची आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपले नम्र,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीकामातले काही कारागीर व अभियंते, मुंबई